नळ ठिबकतोय? जोर लावून आवळण्याआधी हे वाचा

२००७ साली मुंबईजवळच्या मीरा रोडमध्ये एक वयस्कर गृहस्थ दर रविवारी सकाळी लोकांच्या दाराची बेल वाजवू लागले. सोबत एक प्लंबर आणि एक स्वयंसेविका. विचारायचं एवढंच, घरातला एखादा नळ गळतोय का? गळत असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त, तेही फुकटात. हे गृहस्थ म्हणजे लेखक-चित्रकार आबिद सुरती, इंद्रजाल कॉमिक्समधल्या ‘बहादूर’चे जनक. लहानपण मुंबईच्या डोंगरी भागात गेलेलं, बादलीभर पाण्यावरून होणारी भांडणं पाहिलेली. त्यामुळे मित्राच्या घरी ठिबकणारा नळ दिसला की त्यांना चैन पडायचं नाही. मित्र म्हणायचे, एवढ्याशा कामासाठी प्लंबर येतो कुठे?

त्यातूनच त्यांचं ‘ड्रॉप डेड फाउंडेशन’ सुरू झालं. पहिल्या वर्षी ही मंडळी १,६६६ घरांत गेली आणि त्यांनी ४१४ नळ दुरुस्त केले. म्हणजे साधारण चार घरांमागे एक गळका नळ! त्यातले बहुतेक नळ काही भंगारात काढायच्या लायकीचे नव्हते. आत एक छोटीशी रबरी चकती झिजलेली असते, तिला सगळे ‘वायसर’ म्हणतात. ती बदलली की काम झालं.

सेकंदाला एक थेंब पडत असेल तर दिवसात ८६,४०० थेंब पडतात. चार थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर दिवसाला साडेएकवीस लिटर आणि महिन्याला साडेसहाशे लिटर पाणी गटारात. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी लागतं असं नियोजनात धरतात. त्या हिशेबाने हे एका माणसाचं जवळपास पाच दिवसांचं पाणी झालं. आकड्यांवर विश्वास बसत नसेल तर रात्री नळाखाली पातेलं ठेवून झोपा आणि सकाळी मापून बघा.

आधी नळाची जात ओळखा

नळ उघडायला चार-पाच वेळा फिरवावा लागतो की एकदाच वळवला की पूर्ण सुटतो? दुरुस्ती कशी करायची ते याच एका गोष्टीवरून ठरतं.

चार-पाच वेळा फिरवायचा तो जुना आट्यांचा नळ. हा प्रकार इंग्लंडमधल्या रॉदरहॅमच्या ‘गेस्ट अँड क्राइम्स’ या कारखान्याने १८४५ साली पेटंट घेऊन आणला आणि आजही आपल्या मोरीत, गच्चीवर, वाड्याच्या अंगणात तोच दिसतो. मूठ फिरवली की आतला दांडा आट्यांवरून खाली सरकतो. त्याच्या टोकाचा वायसर पाण्याच्या भोकावर दाबून बसतो आणि पाणी थांबतं. बस्स, एवढंच यंत्र.

वर्षानुवर्षं दाबून दाबून वायसर कडक होतो, त्यावर गोल खाच पडते. मग नळ ठिबकायला लागतो आणि घरातली मंडळी तो आणखी जोरात आवळतात. घरोघरी चूक होते ती इथेच. जोर लावल्याने खाच आणखी खोल जाते आणि वायसरचा पार चुरा झाला की पितळेवर पितळ घासायला लागतं. ज्या कडेवर वायसर टेकतो ती कड खरवडली गेली की नवा वायसर घालूनही थेंब थांबत नाही. मग प्लंबरला हत्याराने ती कड घासून सपाट करावी लागते, नाहीतर नळच बदलावा लागतो. काही रुपयांचं काम शेकड्यांत जातं ते असं.

एकदाच वळवायचा तो ‘क्वार्टर टर्न’ नळ. नव्या फ्लॅटमध्ये बहुतेक हेच असतात. यात रबर दाबायचा मामलाच नाही. चिनी मातीच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर बसवलेल्या असतात, दोघींना भोकं असतात. भोकासमोर भोक आलं की पाणी सुरू, सरकलं की बंद. हा नळ आवळून काहीही मिळत नाही, कारण तो आवळण्यासाठी बनवलेलाच नाही. त्याचा वैरी वेगळा. टाकीतून आलेला वाळूचा कण किंवा गंजाचा तुकडा चकत्यांमध्ये अडकला की चरा पडतो आणि ठिबक सुरू होते. अशा वेळी चकत्यांचा तो अख्खा संच, म्हणजे ‘कार्ट्रिज’, बदलावा लागतो.

वायसर बदलायचा कसा

आधी पाणी बंद करा. बेसिनखाली भिंतीला छोटा अँगल कॉक असतो, तो बंद केला तरी पुरतं. बाथरूमच्या नळासाठी घराचा किंवा टाकीचा मुख्य कॉक बंद करावा लागेल. गिझरच्या लाइनवर काम असेल तर गिझरचं बटण आधी बंद. मग नळ उघडून पाइपातलं उरलेलं पाणी सोडून द्या. बेसिनच्या जाळीवर फडकं टाका, कारण या कामात हातातून निसटलेला स्क्रू हमखास त्याच भोकात जातो.

नळाच्या मुठीवर लाल-निळी टिकली असेल तर ती नखाने किंवा सुरीच्या टोकाने उचकटा, खाली स्क्रू मिळेल. मूठ काढली की षटकोनी पितळी भाग दिसतो. तो पान्ह्याने डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या उलट, फिरवून सोडवायचा. त्याआधी आट्यांचा नळ अर्धवट उघडा ठेवा, म्हणजे दांडा खाली रुतून बसणार नाही. आणि एक गोष्ट विसरायची नाही. पान्हा फिरवताना दुसऱ्या हाताने नळाचं अंग घट्ट धरायचं. नाहीतर जोर थेट भिंतीतल्या प्लॅस्टिकच्या पाइपवर जातो. तिथला जोड तडकला की वायसरच्या कामासाठी टाइल्स फोडायची वेळ येते. क्रोमची चमक जपायची असेल तर पान्ह्याच्या दातांखाली जुनं कापड धरा.

प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढत चला. जोडताना कुठला भाग आधी, कुठला नंतर, हा वाद त्या फोटोंनी मिटतो. जुना वायसर किंवा कार्ट्रिज खिशात घालूनच हार्डवेअरच्या दुकानात जा. दिसायला सारखी वाटणारी कार्ट्रिजं उंचीने आणि वरच्या दात्यांनी वेगळी असतात. काही उजवीकडे उघडणारी, काही डावीकडे. मिक्सरच्या नळात चुकीचं बसलं तर मूठ उलटी फिरते.

सगळं परत बसवलं की मुख्य कॉक हळूहळू उघडा. आधी हवा फुसफुसेल, गढूळ पाणी येईल. नळाच्या तोंडाला जाळी असेल तर पाणी सोडण्याआधीच ती काढून ठेवा. नाहीतर सुटलेला सगळा कचरा तिच्यातच जाऊन बसतो.

पाणी तोंडातून नाही, भलतीकडून गळतंय?

मुठीच्या खालून पाणी झिरपत असेल तर दोष दांड्याभोवतीच्या रबरी कड्याचा. जुन्या नळांत तिथे ग्रीस लावलेला दोरा गुंडाळलेला असतो. तिथला नट थोडासा आवळून बघा, कित्येकदा तेवढ्यानेच भागतं. नाहीतर कडं किंवा दोरा बदला.

नळ भिंतीला जिथे जोडला आहे तिथून थेंब येत असेल तर पांढरी टेफ्लॉन टेप लागते. इथे बाहेरून एम-सील थापण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. आतून दाब येत असताना आणि पृष्ठभाग ओला असताना ते धरत नाही, पुढच्या दुरुस्तीला मात्र अडथळा होतो. नळ काढा, आटे कोरडे करा, जुनी टेप खरवडून टाका. नळ ज्या दिशेने आवळणार त्याच दिशेने नवी टेप ताणून चार-पाच वेढे गुंडाळा, आटे सैल असतील तर आणखी काही. उलट गुंडाळली तर आवळताना ती गोळा होऊन बाहेर येते.

धार बारीक झाली असेल तर

पूर्ण इमारतीचं पाणी कमी आहे की एकाच नळाचं, ते आधी बघा. एकाच नळाची धार बारीक असेल तर बहुतेक वेळा गुन्हेगार म्हणजे तोंडाची जाळी. बोअरच्या पाण्यात कॅल्शियमचे क्षार असतात. ते जाळीवर साचून पांढरा थर बसतो, अगदी गिझरमध्ये आणि पाणी तापवायच्या पातेल्यात बसतो तसाच. जाळी हाताने फिरवून काढा आणि व्हिनेगर व पाणी निम्मं-निम्मं घेऊन त्यात अर्धा-एक तास बुडवा. लिंबाचा रसही चालतो, वेळ जास्त लागतो. मग जुन्या टूथब्रशने घासा.

रील्समध्ये व्हिनेगरमध्ये खायचा सोडा टाकून भरपूर फेस काढलेला दाखवतात. फेस दिसतो छान, पण क्षार विरघळवण्याचं काम करतं ते व्हिनेगरमधलं आम्ल, आणि सोडा तेच मारून टाकतो. बाथरूमचं अ‍ॅसिड तर नळाजवळही आणू नका. ते क्षारांसोबत क्रोमचा मुलामाही खातं. त्यात ब्लीचिंग पावडर मिसळली तर क्लोरिन वायू सुटतो, बंद बाथरूममध्ये तो जीवावर बेतू शकतो.

प्लंबरला कधी बोलवायचं

भिंतीला ओल येत असेल, रंग फुगत असेल तर गळती पाइपात आहे, नळात नाही. तिथे हात घालू नका. मुख्य कॉक पूर्ण बंदच होत नसेल, किंवा षटकोनी भाग बेताच्या जोराने हलत नसेल तरीही थांबा. फोन करताना मात्र नुसतं ‘नळ गळतोय’ असं न म्हणता नळ आट्यांचा की क्वार्टर टर्न, पाणी तोंडातून येतंय की मुठीखालून, आणि मुख्य कॉक चालतो का, हे सांगा आणि फोटो पाठवा. बरोबर काय आणायचं ते त्याला कळतं आणि ‘सामान घेऊन येतो’ म्हणून गेलेल्या माणसाची वाट बघत बसावी लागत नाही.