लाखेखालचं लाकूड

बनारसच्या तबल्याला आणि शहनाईला जीआय मानांकन मिळालं, प्रमाणपत्रं ११ एप्रिल २०२५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते वाटली गेली, सोबत लाल पेडा आणि ठंडाईसुद्धा होती. लाकूडवाले मात्र या रांगेत जुनेच. इथल्या लाखकामाच्या खेळण्यांना हा शिक्का आधीच मिळालेला आहे आणि ती घडवणारे गोदावरी सिंह २०२४ मध्ये पद्मश्रीचे मानकरी ठरले. एवढं कौतुक झाल्यावर एक खवचट प्रश्न विचारायला हरकत नसावी: या लाखेखालचं लाकूड कसं आहे?

काश्मिरीगंज-खोजवाँ भागातल्या कातारींचं काम बघत राहावं असं. खरादावर लाकूड गरगर फिरतं, पटाशीने त्याला आकार येतो, मग त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबली जाते. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर चढते. शेवटी केवड्याचं पान दाबून चकाकी आणायची. लग्नात लागणारे सिंदूराचे डबे, म्हणजे सिंधोरे, आणि बाहुल्या अशाच घडतात. पूर्वी यासाठी आपल्या कुड्याच्या जातकुळीचं कोरैया वापरत: पांढरं, घट्ट, कातायला सोपं. त्याच्या तोडीवर निर्बंध आले आणि निलगिरी आली. निलगिरी वाळताना पिळते, चिरते. लाखेचा थर चढला की ते गिऱ्हाइकाला दिसत नाही, एवढंच.

म्हणूनच मला या कारागिरांच्या हातून तुकड्यांचा वाडगा बघायचा आहे. परदेशी हौशी कातारींचा हा आवडता प्रकार. रंग लावायचा नाही. काळसर शिसव, पिवळा फणस, तपकिरी साग असे तुकडे जोडून नक्षी लाकडाच्याच रंगांची करायची. तबल्याचं खोड एका ओंडक्यातून कोरतात. या वाडग्यासाठी आधी बारा तुकड्यांची कडी करतात, अशा कड्या एकावर एक चढवतात आणि मग ते सगळं खरादावर जातं.

खरी परीक्षा खरादाच्या आधीच होते. बारा तुकड्यांच्या कडीत प्रत्येक टोक १५ अंशांत कापावं लागतं. २४ सेंटिमीटर व्यासाच्या कडीला तुकड्याची बाहेरची बाजू सुमारे ६.४ सेंटिमीटर येते. एका कापात ०.१ अंशाची चूक झाली, तर चोवीस कापांत ती २.४ अंश होते आणि शेवटची फट उघडी राहते. जाणते म्हणून आधी दोन अर्धवर्तुळं चिकटवतात, त्यांच्या कडा सपाट घासतात आणि मगच ती जोडतात. सगळी चूक त्या घासण्यात जिरते. वरच्या कडीचे सांधे खालच्या तुकड्यांच्या मधोमध येतात, विटांच्या भिंतीसारखे. टोकाला टोक चिकटवलेला सांधा कमकुवत असतो. या रचनेमुळे त्याला बळ मिळतं. घासतानाही सांभाळायचं: शिसवाची काळी धूळ फणसाच्या रंध्रांत बसली की पिवळा रंग मळतो.

आणि लाकूड वाळलेलं हवं. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत सागवान रुंदीत पाच-सहा टक्क्यांपर्यंत आकसतं, निलगिरी त्याहून बरीच जास्त. बनारसची हवा तर दोन टोकांची. पावसाळ्यात लाकडातला ओलावा १६-१८ टक्क्यांवर जातो, मेच्या लूमध्ये, म्हणजे उष्ण वाऱ्यांत, पाच-सहावर उतरतो. ओल्या लाकडाचा वाडगा श्रावणात देखणा दिसेल आणि ज्येष्ठात सांध्यांतून उघडेल. रुंद, अखंड तळ कडीला घट्ट चिकटवला तर तो कडीलाच फाडतो. इथे काही झाकायला लाख नाही.

वाडगा परदेशी पाठवायचा तर शिसवाच्या निर्यातीलाही एक पाचर होती. २०१७ पासून जवळजवळ सगळं शिसवकुळ धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापारावरच्या 'साइट्स' कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. या कराराच्या २०२२ च्या पनामा परिषदेने त्याच कुळातल्या शिसमच्या दहा किलोखालच्या वस्तूंची वाट मोकळी केली. शिसमचा वाडगा त्यात सहज बसतो.

तेव्हा अडचण हाताची नाही. सिंधोऱ्याचं झाकण घट्ट बसवणाऱ्या हाताला १५ अंश जमणार नाहीत, असं मी मानत नाही. मानांकन नावाची राखण करतं. लाकूड वाळवून देत नाही. पुढचा शिक्का मागण्याआधी या गल्ल्यांना एक सामायिक वाळवणीची भट्टी, कोन न चुकणारी एखादी करवत आणि वाळलेल्या लाकडाचा साठा द्या. सावंतवाडीच्या चितार आळीतल्या लाखकामालाही मला हाच हिशेब लावावासा वाटतो. वाळलेलं लाकूड मिळालं तर बाहुल्याही जास्त टिकतील. वाडगा झाला तर तो वरचा नफा.