मोटारगाडीचा रंग : झिलई आणि संरक्षण

मोटारगाडीचा रंग केवळ शोभेसाठी नसतो. खालील पोलादी पत्र्याचे गंजापासून रक्षण करणे हेही त्याचे कार्य होय. आजच्या बहुतेक मोटारींवर पत्र्यालगत गंजरोधक लेप, त्यावर अस्तर, मग रंगाचा थर आणि सर्वांत वर पारदर्शक रोगण असते. या साऱ्यांची एकूण जाडी सामान्यतः १०० ते १५० मायक्रॉन, तर रोगणाची ४० ते ५० मायक्रॉन भरते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मनुष्याचा केस साधारणतः ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे ज्या थरावर आपण झिलई करतो, तो केसाहूनही पातळ असतो.

गुळगुळीत पृष्ठभागावरून प्रकाशकिरण एकाच दिशेने परावर्तित होतात, म्हणून तो चकाकतो. ओरखड्यांच्या कडांवर तेच किरण विखुरतात आणि रंग निस्तेज दिसतो. झिलईच्या द्रव्यात अतिसूक्ष्म, कठीण कण असतात. ते ओरखडा भरीत नाहीत. भोवतालचे रोगण घासून त्याच्या तळाशी समपातळीत आणतात. प्रत्येक झिलईबरोबर रोगण थोडे झिजते आणि झिजलेले पुन्हा भरून येत नाही. यास्तव नवशिक्याने खरेदी करताना एकच नियम पाळावा : ओरखडे टाळणारे साहित्य आधी, घासणारे मागून.

बहुतेक बारीक ओरखडे पुसण्यातूनच उद्भवतात. धुळीत गारगोटीचे कण असतात व ते रोगणाहून पुष्कळ कठीण असतात. कोरड्या फडक्याने रोज गाडी पुसणे म्हणजे तेच कण रोगणावर घासणे होय. म्हणून दोन बादल्या, मोटारीसाठीचा सौम्य शांपू आणि सूक्ष्मतंतूंची मऊ फडकी ही पहिली खरेदी असावी. एका बादलीत साबणाचे पाणी, दुसरीत फडके खळबळण्यासाठी स्वच्छ पाणी ठेवावे. भांडी घासण्याचा साबण वापरू नये; तो मेणाचा संरक्षक लेपही धुऊन नेतो.

धुतलेल्या पृष्ठभागावरून पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून फिरवावा. खरखर जाणवल्यास चिकटलेली घाण मोटारीसाठी मिळणाऱ्या विशेष चिकणमातीच्या वडीने, पृष्ठभाग शांपूच्या पाण्याने ओला ठेवून, हलकेच काढावी.

यानंतर झिलई. नख अडकेल इतका खोल ओरखडा कुशल रंगाऱ्याकडे सोपवावा. इतरांसाठी सर्वांत सौम्य द्रव्य घेऊन प्रथम वीतभर जागेवर परीक्षा करावी. तेवढ्याने काम झाले, तर अधिक तीव्र द्रव्य घेऊ नये. यंत्र घ्यावयाचे झाल्यास ज्याची चकती फिरता फिरता डोलतेही, असे घ्यावे. केवळ गरगर फिरणारी चकती एका जागी उष्णता साठविते आणि नवशिक्याच्या हातून कडांवरील रोगण सहज घासले जाते.

शेवटी मेणाचा लेप. ब्राझीलच्या ईशान्य भागातील कार्नौबा ताडाच्या पानांपासून मिळणारे मेण कठीण असून ते ८० अंश सेल्सिअसहून अधिक तापमानाला वितळते. तेही टिकते मात्र काही आठवडे ते काही महिनेच. कृत्रिम बहुवारिकांचे लेप सामान्यतः अधिक टिकतात. लेप सावलीत, थंड पत्र्यावर व अगदी पातळ द्यावा. पक्ष्यांची विष्ठा मात्र लेपावरही राहू देऊ नये. ती भिजवून त्वरित काढावी.

लेप पुन्हा देता येतो. झिजलेले रोगण पुन्हा चढविण्यास संपूर्ण भाग नव्याने रंगवावा लागतो.