शीर्षकापुरतेच अक्षर
अक्षरांची घडण : लेखांक ६

मध्ययुगीन वळणाच्या फॉन्टवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: दोन ओळींपलीकडे तो वाचवत नाही, म्हणजे तो नुसता शोभेचा. कॅरोल ट्वॉम्ब्ली यांनी १९८९ मध्ये ॲडोबीसाठी रेखाटलेल्या ‘शार्लमेन’ला हा आक्षेप पुरेपूर लागू पडतो. त्यात फक्त कॅपिटल अक्षरे आहेत, सेरिफ ठसठशीत आहेत, आणि सबंध परिच्छेद त्यात जुळवला तर डोळे थकतात. पण ज्या कॅरोलिंजियन, म्हणजे सम्राट शार्लमेनच्या घराण्याच्या काळातल्या, हस्तलिखितांच्या परंपरेतून ही अक्षरे आली, तिथेही ती परिच्छेदासाठी नव्हतीच. फ्रान्समधल्या तूर येथील सेंट मार्टिन मठात नवव्या शतकात लिहिलेली बायबले पाहिली की लिप्यांची उतरंडच दिसते: शीर्षकाला जुनी रोमन कॅपिटल, आरंभीच्या ओळींना गोलसर अन्सिअल, आणि मजकुराला सुटसुटीत कॅरोलिंजियन लहान लिपी. वाचणाऱ्याला प्रकरण कुठे सुरू होते हे अक्षराच्या जातीवरूनच कळे. आपल्या पोथ्यांत हे काम बहुधा लाल शाईने केले. देवनागरीत कॅपिटलची वेगळी अक्षरे नसल्याने अक्षर तेच राहिले, रंग बदलला.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हाताने लिहिलेला प्रत्येक ‘ए’ वेगळा असतो, फॉन्टमधला एकसारखा. मग लेखणीचा जिवंतपणा उरला कुठे? झरझर लिहिलेल्या लिपीबाबत हे मला पूर्ण मान्य आहे. मात्र मध्ययुगीन शोभिवंत कॅपिटले, ज्यांना इंग्रजीत व्हर्सल म्हणतात, एका फटकाऱ्यात लिहिली जात नसत. लेखनिक आधी बाह्यरेखा ओढी, मग पोकळी शाईने भरी; उभा दांडा मध्यभागी किंचित बारीक होई आणि टोकांना केसासारखे सेरिफ येत. सुलेखनकार एडवर्ड जॉन्स्टन यांनी १९०६ च्या आपल्या पुस्तकात ही रीत नीट समजावून दिली आहे. म्हणजे हे अक्षर मुळातच रेखाटलेले, विचारपूर्वक घडवलेले. टंकात उतरताना त्याचे नुकसान कमी होते. तरीही एकाच शीर्षकात तेच अक्षर दोनदा आले तर दोन्ही जुळी दिसतात, आणि जाणत्या मांडणीकाराने त्यातले एक हाताने थोडे बदलावे हेच बरे.

राहिला काल्पनिक राजे-राण्यांच्या कादंबऱ्यांचा प्रश्न. त्यांच्या मुखपृष्ठांवर असे टंक इतके वापरले गेले, की आता ते नाटकी वाटतात. यात दोष वापराचा आहे, आणि उपाय शेजारच्या मजकुरात आहे. आजची रोमन छोटी अक्षरे पंधराव्या शतकातल्या इटालियन मानवतावाद्यांकडून आली. त्यांनी ती कॅरोलिंजियन वळणावरूनच घेतली होती. म्हणून ‘शार्लमेन’मधल्या मोकळ्या अंतराच्या शीर्षकाखाली गारामों घराण्यातल्या टंकात साधा मजकूर ठेवला, तर पानावर तूरच्या लेखनिकांचीच उतरंड उभी राहते. तेच शीर्षक तलवारींच्या चित्रावर सोनेरी रंगात चढवले, तर ती उतरंड दिसेनाशी होते.