लेक आईहून मोठी!

विश्वाचे वय किती, असे आज विचारले तर शास्त्रज्ञ सुमारे 1380 कोटी वर्षे असे उत्तर देतात. हा आकडा पाठ करणे सोपे आहे. तो आला कोठून, हे मात्र आपण, त्यातही आम्ही कलाशाखेचे विद्यार्थी, सहसा विचारीत नाही. आकडे पूर्वीही होते. सतराव्या शतकात आर्चबिशप अशर यांनी बायबलातील पिढ्या मोजून सृष्टीचा आरंभ इ. स. पू. 4004 मध्ये नेऊन ठेवला. आपल्या पुराणांतला ब्रह्मदेवाचा एक दिवस, म्हणजे एक कल्प, 432 कोटी वर्षांचा. हा आकडा पृथ्वीच्या वयाजवळ येतो म्हणून हर्षभरित होणारे लोक भेटतात. पण आकडा जुळणे वेगळे आणि तो मोजून काढणे वेगळे. गंमत अशी, की मोजून काढलेला पहिला आकडा साफ चुकला होता.

1929 साली अमेरिकेतील माउंट विल्सन वेधशाळेत काम करणाऱ्या एडविन हबल यांनी दाखवून दिले, की दूरच्या दीर्घिका आपल्यापासून दूर पळत आहेत आणि जी जितकी लांब, तिचा वेग तितका जास्त. हा वेग प्रकाशाच्या वर्णपटावरून कळतो. दूर जाणाऱ्या दीर्घिकेच्या वर्णपटातील रेषा तांबड्या टोकाकडे सरकतात. आता असे समजा, की ताशी 40 किलोमीटर वेगाने जाणारी एस. टी. स्थानकापासून 80 किलोमीटरवर आहे. ती दोन तासांपूर्वी सुटली हे सांगायला कंडक्टर लागत नाही. दीर्घिकांचेही स्थूलमानाने तसेच. (वेग सर्वकाळ सारखाच होता असे नाही, पण तो हिशेब येथे नको.) हबल यांच्या मोजमापांवरून हा काळ निघाला सुमारे 200 कोटी वर्षे.

इकडे भूशास्त्रज्ञ खडक तपासत होते. युरेनियमचे ठरावीक गतीने शिसे होत असते; दोहोंच्या प्रमाणावरून खडकाचे वय निघते. या मार्गाने आर्थर होम्स यांनी 1940 नंतरच्या काही वर्षांत पृथ्वीचे वय 300 कोटी वर्षांपर्यंत नेले. म्हणजे विश्व 200 कोटींचे आणि त्याच्या पोटी जन्मलेली पृथ्वी 300 कोटींची!

ही अडचण लहान नव्हती. 1948 साली फ्रेड हॉईल, हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड यांनी विश्वाला आरंभच नाही, असा स्थिर स्थितीचा सिद्धांत मांडला, त्यामागे हेही एक कारण होते. आरंभ नाही, मग वयाचा तंटाच मिटला. पुढल्याच वर्षी बी. बी. सी.वरील भाषणात हॉईल यांनी प्रतिपक्षाच्या कल्पनेला ‘बिग बँग’ म्हटले आणि विरोधकाने दिलेले हे नावच रूढ झाले.

चूक खरोखर होती ती अंतरात. काही तारे ठरावीक दिवसांनी उजळतात आणि मंदावतात. हा काळ जितका मोठा, तितके ताऱ्याचे अंगचे तेज अधिक, हा नियम हेन्रिएटा लेव्हिट या विदुषींनी 1912 साली प्रसिद्ध केला. कंदिलाचे मूळचे तेज ठाऊक असले, की तो किती मिणमिणता दिसतो यावरून त्याचे अंतर काढता येते. हबल यांनी तेच केले. पण कंदील दोन जातींचे निघाले!

हे ओळखले वॉल्टर बाडे यांनी. ते मूळचे जर्मन, म्हणून महायुद्धात त्यांना युद्धकार्यात घेतले गेले नाही. सहकारी गेलेले, युद्धामुळे खालच्या लॉस एंजेलिस शहराचे दिवे मंद केलेले आणि मोठी दुर्बीण मोकळी. त्या काळोखात त्यांनी देवयानी दीर्घिकेच्या गाभ्यातील तारे सुटे सुटे पाहिले आणि ताऱ्यांचे दोन गट असल्याचे ताडले. 1952 साली रोम येथील परिषदेत त्यांनी सांगितले, की हबल यांनी मोजलेले तारे मानले त्यापेक्षा सुमारे चौपट तेजस्वी आहेत. चौपट तेज म्हणजे दुप्पट अंतर. आणि आपली एस. टी. 80 नव्हे, 160 किलोमीटरवर असेल तर ती चार तासांपूर्वी सुटली! विश्वाचे वय एका दिवसात दुप्पट झाले.

तरीही भागले नाही, कारण 1956 साली क्लेअर पॅटरसन यांनी अशनींवरून पृथ्वीचे वय 455 कोटी ठरविले. अखेर 1958 मध्ये ॲलन सँडेज यांनी आणखी एक चूक दाखविली: हबल यांनी दूरचे तेजस्वी तारे म्हणून धरलेले काही ठिपके चमकणारे वायूचे ढग होते. अंतरे पुन्हा वाढली आणि आई एकदाची लेकीहून मोठी झाली.

1965 साली पेंझियास व विल्सन यांना सर्व दिशांनी येणारे मंद प्रारण सापडल्याची वार्ता प्रसिद्ध झाली आणि बहुतेकांनी महास्फोट मान्य केला. हॉईल यांचे शिष्य, कोल्हापुरात जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर यांनी मात्र केला नाही. 1993 साली हॉईल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी जुना सिद्धांत सुधारून पुन्हा मांडला. 2025 साली पुण्यात ते निवर्तले. त्यांचा पक्ष अल्पमतात राहिला; पण सर्वमान्य मताला पुरावा मागत राहणारा असा माणूस विज्ञानाला हवाच असतो, असे मला वाटते.

कारण तंटा अजून मिटलेला नाही. त्या प्रारणाच्या अभ्यासावरून विश्वप्रसरणाचा दर सुमारे 67 निघतो, ताऱ्यांची अंतरे मोजून काढला तर सुमारे 73. (एकक : दर 32.6 लक्ष प्रकाशवर्षांमागे सेकंदाला इतके किलोमीटर.) बाकी सारे गणित तेच ठेवून दुसरा आकडा घेतला, तर विश्वाचे वय सुमारे 100 कोटी वर्षांनी उतरते. दोन्ही पक्षांनी आपापली मोजमापे पुन्हा पुन्हा तपासली आहेत, आणि कोणाच्याही कंदिलात अद्याप खोट सापडलेली नाही.