एक बाइट, एक मिलिमीटर

चला, मोजायला बसू. फोर-के व्हिडिओची एकच फ्रेम घ्या. आडवे ३,८४० ठिपके, उभे २,१६०. गुणाकार ८२,९४,४००! प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला ३ बाइट, म्हणजे एका फ्रेमला जवळजवळ अडीच कोटी बाइट.

आता एक बाइट म्हणजे एक मिलिमीटर धरू. पहिलीच फ्रेम सीएसएमटीहून निघते ती घाटकोपर मागे टाकते. सिनेमात सेकंदाला अशा २४ फ्रेम. म्हणजे एका सेकंदाचे ५९७ किलोमीटर! मुंबईहून पुणे, पुण्याहून मुंबई, पुन्हा पुणे, आणि तरी वीसेक किलोमीटर शिल्लक. डेक्कन क्वीनला एकदा पुणं गाठायला तीन तासांहून जास्त लागतात.

हा कच्चा, न दाबलेला व्हिडिओ ठेवायचा कुठे? फाइली कशा ठेवायच्या हे ठरवते ती फाइल सिस्टिम. पेनड्राइव्हवरची अशी जुनी फाइल सिस्टिम फॅट-३२ एका फाइलला ४ जीबीपुढे जाऊच देत नाही. सात सेकंदांत खेळ खलास. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर सर्रास आढळणारी ईएक्सटी-४ एका फाइलला १६ टीबी देते. आपल्या मापात १ कोटी ७६ लाख किलोमीटर! चंद्रावर जाऊन यायच्या २२ फेऱ्या. आणि एवढ्यात चित्रीकरण किती मावतं? पुरते सव्वाआठ तासही नाहीत.

मग येते एक्सएफएस. १९९० च्या दशकात एसजीआय कंपनीने घडवलेली, पुढे लिनक्समध्ये रुजलेली. एका फाइलची तिची मर्यादा ८ एक्साबाइट. एवढी डिस्क कुणाच्याच घरी नसते, पण जागेचा हिशोब आधीच मांडून ठेवलाय. किती लांब? ९ लाख २२ हजार कोटी किलोमीटर! सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावणाऱ्या प्रकाशालाही हे अंतर कापायला ३५६ दिवस हवेत. १६३० मध्ये शिवनेरीवर शिवराय जन्मले त्या दिवशी कॅमेरा सुरू केला असता, रात्रंदिवस क्षणभरही न थांबवता आजवर चालवला असता, तरी या एका फाइलमध्ये आणखी नव्वदेक वर्षांची जागा उरली असती.

आणि तिच्या टोकाचा बाइट हवा असेल तर? लिनक्स पहिल्यापासून वाचत जात नाही. त्याला फक्त जागेचा क्रमांक सांगायचा, की थेट तिथे उडी. तो क्रमांक ६४ बिटांचा, म्हणजे ८ बाइटांचा. जवळजवळ प्रकाशवर्षभर लांब फाइलमधल्या कुठल्याही बिंदूचा पत्ता, आणि आपल्या मापात त्याची लांबी अवघी आठ मिलिमीटर!