जुना लॅपटॉप, फोर-केचं शूटिंग

टाइमलाइनवर क्लिप टाकली की चित्र अडखळतं, आवाज पुढे निघून जातो. लगेच रॅमच्या नावाने खडे फोडले जातात. पण खरी मेख बहुतेकदा फाइलच्या प्रकारात असते. जागा वाचावी म्हणून मोबाइल एच.264 किंवा एचईव्हीसीमध्ये रेकॉर्ड करतो. त्यात बहुतेक फ्रेम अख्ख्या साठवलेल्या नसतात, शेजारच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढीच नोंद असते. त्यामुळे मधल्याच एका फ्रेमवर थांबायचं झालं तरी प्रोसेसरला आसपासच्या कित्येक फ्रेम उलगडाव्या लागतात.

यावर उतारा प्रॉक्सीचा, म्हणजे मूळ क्लिपच्या हलक्या प्रतीचा. फोर-केच्या एका फ्रेममध्ये सुमारे 83 लाख पिक्सेल, तर 720पीमध्ये जेमतेम 9.2 लाख. ओझं थेट नवव्या हिश्श्यावर येतं! शॉटकट, केडेनलाइव्ह आणि दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती, तिन्हींत प्रॉक्सी बनवण्याची सोय आहे. कापाकापी प्रतीवर करायची, एक्स्पोर्ट मूळ फाइलवरून. प्रॉक्सी तयार व्हायला वेळ लागतो, तेव्हा काम रात्री लावून झोपलेलं बरं. फोकस नि रंग मात्र मूळ क्लिपवरच तपासा.

खर्च करायचाच तर आधी एसएसडी: साधी साटा एसएसडी सेकंदाला 500 एमबीच्या आसपास वाचते, जुनी फिरती हार्ड डिस्क साधारण 100. बाकी चार्जर लावूनच एडिट करा आणि पंख्यातली धूळ काढून घ्या. तापलेला प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो.