छोट्या डब्यातला हेडफोन अँप्लिफायर (भाग ४) : उष्णतेचा हिशेब आधी कागदावर

मागच्या भागात आपलं सर्किट पुरं झालं. दोन्ही चॅनेलसाठी मिळून एक एनई५५३२ ऑप-अँप, आणि प्रत्येक चॅनेलच्या शेवटी बीडी१३९ आणि बीडी१४० ट्रान्झिस्टरांची जोडी. आता लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत जाऊन डबा आणि ट्रान्सफॉर्मर आणायला हात शिवशिवत असतील. त्याआधी अर्धा तास कागद-पेन्सिल घेऊन बसा. डबा लहान असला की उष्णता नंतर हीटसिंक चिकटवून आवरत नाही. किती व्होल्टेज आणि किती बायस (गाणं नसतानाही ट्रान्झिस्टरांतून वाहणारा करंट), हे ठरवतो त्याच क्षणी डबा किती तापणार तेही ठरलेलं असतं.

१९९०च्या दशकात चू मॉय यांनी खिशात मावणारा एक हेडफोन अँप्लिफायर प्रसिद्ध केला. पुढे हौशी लोकांनी तो पेपरमिंटच्या पत्र्याच्या डबीत बसवला आणि जगभर बनवला. त्याला हा प्रश्न कधी पडला नाही. नऊ व्होल्टची बॅटरी, एक ऑप-अँप, आठ-दहा मिलिअँपिअर करंट. वॅटचा जेमतेम दहावा भाग. पण कमी ओहमच्या हेडफोनला लागणारा करंट ऑप-अँपला एकट्याने देणं जड जातं, म्हणून आपण पुढे ट्रान्झिस्टर जोडले आणि ते क्लास ए मध्ये चालवायचं ठरवलं. क्लास ए म्हणजे गाणं चालू असो वा नसो, दोन्ही ट्रान्झिस्टरांतून करंट अखंड वाहतो. एकाने थांबायचं आणि दुसऱ्याने सुरू व्हायचं, हा सांधाच राहत नाही. हेडफोनवर आपण बहुतेक वेळ एखाद-दोन मिलिवॅटवरच ऐकतो आणि त्या सांध्याचा खरखरीतपणा नेमका तिथेच जाणवतो, त्यामुळे हा खर्च मला योग्य वाटतो. फक्त तो किती करायचा, याला मोजमाप हवं.

सरसकट वापरला जाणारा आकडा असा: अधिक-उणे १२ व्होल्ट आणि प्रत्येक चॅनेलला १०० मिलिअँपिअर बायस. गुणाकार करा. २४ व्होल्ट गुणिले ०.१ अँपिअर म्हणजे एका चॅनेलचे २.४ वॅट, दोन्हींचे ४.८. ऑप-अँप आणि बायसच्या साखळ्या धरल्या की पाच वॅटच्या वर. शिवाय १५-०-१५ च्या ट्रान्सफॉर्मरमधून रेक्टिफायरनंतर साधारण साडेवीस व्होल्ट येतात आणि ७८१२, ७९१२ रेग्युलेटर त्यातले साडेआठ व्होल्ट स्वतःच्या अंगावर घेतात. ०.२२ अँपिअरला त्या दोघांचे मिळून आणखी पावणेचार वॅट. एकूण नऊ. आउटपुट ट्रान्झिस्टरांची काळजी सगळे करतात, पण रेग्युलेटरांची बेरीज बहुतेक वेळा कागदावर येतच नाही.

आता हेडफोनला खरोखर काय लागतं ते पाहू. ३२ ओहमच्या हेडफोनला १०० मिलिवॅट म्हणजे कानठळ्या बसतील इतका आवाज. त्याला १.८ व्होल्ट लागतात. शिखराला अडीच व्होल्ट आणि ७९ मिलिअँपिअर. जोडीने काम करणारे ट्रान्झिस्टर बायसच्या दुप्पट करंटपर्यंत क्लास ए मध्येच राहतात. म्हणजे ४० मिलिअँपिअर बायस पुरे. ३०० ओहमच्या हेडफोनचा प्रश्न उलटा असतो. त्याला करंट थोडा लागतो, व्होल्टेज जास्त. अधिक-उणे नऊ व्होल्टवर आपलं सर्किट सहा व्होल्टच्या शिखरापर्यंत सहज जातं, आणि तेवढ्यात ३०० ओहमला ६० मिलिवॅट मिळतात. घरात ऐकायला ते भरपूर आहे.

तेव्हा माझी शिफारस: अधिक-उणे ९ व्होल्ट, ४० मिलिअँपिअर. दोन्ही चॅनेलचे आउटपुट ट्रान्झिस्टर मिळून १.४४ वॅट, बाकीचं सर्किट धरून १.८. ट्रान्सफॉर्मर १२-०-१२ चा घेतला तर रेग्युलेटरांचे साधारण दीड. एकूण सव्वातीन वॅट. ९-०-९ घेतला तर रेग्युलेटर आणखी थंड राहतील, पण आपल्याकडे गावोगावी संध्याकाळी वीज २०० व्होल्टवर उतरते. तेव्हा रेग्युलेटरला लागणारे वरचे दोन व्होल्ट उरत नाहीत आणि हेडफोनमध्ये गुणगुण शिरते. ज्यांच्याकडे फक्त ३२ ओहमचे हेडफोन आहेत त्यांनी खुशाल ७८०६ आणि ७९०६ घालून ९-०-९ वापरावा. लहान ट्रान्सफॉर्मर कमी भारावर छापील आकड्यापेक्षा बरंच जास्त व्होल्टेज देतात. म्हणून रेग्युलेटरच्या आधीचं व्होल्टेज मोजा आणि बेरीज त्या आकड्याने पुन्हा करा.

ट्रान्सफॉर्मर डब्यात नको. तो वेगळ्या बंद खोक्यात भिंतीजवळ राहू द्या आणि डब्यात फक्त कमी व्होल्टेजची तार येऊ द्या. २३० व्होल्ट हातापासून लांब राहतात, ट्रान्सफॉर्मरची स्वतःची ऊब बाहेर राहते आणि त्याचं चुंबकीय क्षेत्र इनपुटच्या तारांपासून दूर जातं.

सव्वातीन वॅट बाहेर जाणार कसे? दहा सेंटिमीटर लांब, आठ रुंद, चार उंच असा ॲल्युमिनियमचा डबा धरा. टेबलाला टेकलेला तळ सोडला तर सव्वादोनशे चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग हवेला मिळतो. नुसत्या हवेच्या हालचालीने आणि उत्सर्जनाने असा डबा ढोबळमानाने एका वॅटला साडेचार अंश चढतो. आपला डबा खोलीपेक्षा पंधरा अंश गरम होईल. नऊ वॅटवाला चाळीस अंश. पावसाळ्यातल्या महाबळेश्वरात दोन्ही डबे चालून जातील. मे महिन्यात नागपूर किंवा जळगावच्या ४५ अंशांत मात्र एक डबा साठवर थांबतो आणि दुसरा पंचाऐंशीवर जातो. साठ अंशांचा धातू फार वेळ धरवत नाही. पंचाऐंशीचा क्षणात पोळतो.

आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरांनाही इतका ताप सोसत नाही. साधारण दर दहा अंशांना त्यांचं आयुष्य निम्मं होतं. म्हणून ८५ अंशांचे स्वस्त कपॅसिटर टाळून १०५ अंशांचे घ्या.

डब्याला भोकं पाडावीत का? मी पाडत नाही. इतक्या लहान डब्यातून हवा फारशी खेळत नाही, धूळ आणि झुरळं मात्र आत जातात. त्यापेक्षा डब्यालाच हीटसिंक करा. काळाच रंग हवा असंही नाही. चकचकीत उघडं ॲल्युमिनियम उष्णता फार कमी उत्सर्जित करतं, पण कोणताही साधा रंग किंवा ॲनोडायझिंग ते काम जवळजवळ सारखंच करतं. पांढरा डबाही चालेल.

बीडी१३९ उघड्यावर ठेवला तर एका वॅटला १०० अंश चढतो. डब्याच्या भिंतीला घट्ट बसवला तर जंक्शनपासून पाठीपर्यंत फक्त १० अंश. आपल्या प्रत्येक ट्रान्झिस्टरमध्ये ०.३६ वॅट आहे, म्हणजे तो भिंतीपेक्षा जेमतेम चार-पाच अंश वर राहील. त्याच्या पाठीचा धातू कलेक्टरला जोडलेला असतो, म्हणून मध्ये अभ्रकाची चकती किंवा सिलिकॉन पॅड हवाच. अभ्रकाच्या दोन्ही बाजूंना थर्मल पेस्टचा अगदी पातळ थर द्या. जाड थराने उलट अडथळा वाढतो. भोकाच्या कडेची बर कानसून काढा, ती अभ्रकाला भोसकते. रेग्युलेटरांत फसगत अशी की ७८०९ चा टॅब ग्राउंडला असतो, तर ७९०९ चा टॅब इनपुटला. दोन्ही एकाच भिंतीला नुसते आवळले तर उणे बाजूचं व्होल्टेज थेट डब्यावर येतं. वीज देण्याआधी मल्टीमीटरने प्रत्येक टॅब आणि डबा यांच्यात जोड नाही ना, हे तपासा.

यापुढचा मुद्दा या भागात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ट्रान्झिस्टर तापला की त्याचं बेस-एमिटर व्होल्टेज दर अंशाला सुमारे दोन मिलिव्होल्ट उतरतं. बायसचं व्होल्टेज तेवढंच राहिलं तर करंट वाढतो, करंट वाढला की तो आणखी तापतो. व्याजावर व्याज चढावं तसा हा खेळ वाढत जातो आणि शेवटी ट्रान्झिस्टर जातो. यावर दोन उपाय एकत्र हवेत. बायस ठरवणारा तिसरा ट्रान्झिस्टरही बीडी१३९ च घ्या आणि तो आउटपुट ट्रान्झिस्टरच्या अंगावर त्याच स्क्रूने बसवा. जोडीदार तापला की तोही तापतो आणि बायस खाली आणतो. दुसरा उपाय एमिटरमधल्या रेझिस्टरचा. ट्रान्झिस्टर बायसवाल्यापेक्षा दहा अंश जास्त तापला असं धरा. ०.४७ ओहम असेल तर ४० मिलिअँपिअरमध्ये सुमारे १८ ची भर पडते. ४.७ ओहम असेल तर चारसुद्धा नाही. मोठ्या स्पीकर अँप्लिफायरांतला ०.४७ डोळे मिटून इथे उचलू नका. ४.७ चा तोटा हेडफोनला जाणवत नाही, कारण तो फीडबॅकच्या आत आहे.

मॉसफेट वापरले की हा धोकाच नाही, असं ठामपणे सांगितलं जातं. आयआरएफ५१० सारख्या मॉसफेटबाबत ते काही अँपिअरच्या करंटवर खरं आहे. आपल्या चाळीस-शंभर मिलिअँपिअरवर तापमानाबरोबर त्यांचाही करंट वाढतोच. त्यांनाही हीच शिस्त लागते.

बायस मोजायचा तो एमिटरच्या ४.७ ओहमवर. ४० मिलिअँपिअरला तिथे १८८ मिलिव्होल्ट दिसायला हवेत. बायसचा प्रीसेट सर्वांत कमीवर ठेवून वीज द्या, हेडफोन जोडू नका, आणि हळूहळू १५० पर्यंत आणून थांबा. मल्टीमीटरच्या तारा जॅकच्या भोकातून बाहेर काढून झाकण लावा. उघड्या डब्यातलं माप बंद डब्यात टिकत नाही. अर्ध्या तासाने पाहा, मग झाकण काढून १८८ च्या दिशेने थोडं वाढवा, पुन्हा झाकण, पुन्हा अर्धा तास. आकडा वाढून एका जागी थांबला तर सर्किट स्थिर आहे. तासाभरानेही चढतच राहिला तर प्रीसेटला हात लावू नका. वीज बंद करून बायसचा ट्रान्झिस्टर आउटपुटला खरंच टेकला आहे का, स्क्रू घट्ट आहे का, हे बघा. ही चाचणी शक्यतो दुपारच्या उन्हाच्या वेळी, पंखा बंद करून घ्या.

पुढच्या भागात ग्राउंडच्या तारा: कुठून न्यायच्या, कुठे एकत्र आणायच्या आणि व्हॉल्यूम कंट्रोलजवळ गुणगुण का उमटते.